स्लूस निवडताना: आधी नदी, मग पेटी

हौस म्हणून नदीतले सोने शोधायला निघालेला माणूस सामानाच्या दुकानात पोचला की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात: यातला सर्वांत लांब स्लूस कोणता, आणि तो केवढ्याला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते शेवटी विचारायचे. त्याआधी तीन गोष्टी ठाऊक हव्यात. जिथे जायचे आहे तिथे स्लूस लावायची मुभा आहे का? तिथल्या पाण्याला जोर किती आहे? आणि तिथले सोने रवाळ आहे की पिठासारखे बारीक? एवढे कळले की दुकानातल्या बहुतेक पेट्या आपोआप बाद होतात.

या लेखातले दाखले मुख्यतः उत्तर कॅलिफोर्नियातले आहेत. २४ जानेवारी १८४८ रोजी अमेरिकन नदीच्या दक्षिण शाखेवर, कोलोमा येथे, जेम्स मार्शलला सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात सोने दिसले आणि जगभरातून माणसे तिकडे धावली. त्या नद्यांमध्ये आजही सोने आहे. हिवाळ्यातल्या पुरांनी काठ खचतात, गोटे हलतात आणि थोडे सोने नव्या जागी येऊन बसते. तिथल्या शाळांत चौथीला हा इतिहास शिकवतात, त्यामुळे बे एरियातल्या मराठी घरांतही कोलोमा हे नाव बहुधा मुलांच्या दप्तरातूनच पोचते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातही हा छंद जुना आहे, म्हणून तिथलीही उदाहरणे येतील.

स्लूस नेमके काय करतो

स्लूस म्हणजे तळाशी अडथळे बसवलेली उघडी पन्हळ. वरच्या तोंडाने पाणी, वाळू आणि खडी आत येते, खालच्या तोंडाने बाहेर जाते, आणि जे जड असते ते अडथळ्यांमागे राहते. तांदूळ रोळताना पाणी ओतत गेले की खडे भांड्याच्या तळाशी राहतात, तेच तत्त्व इथे आहे.

शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट असते, क्वार्ट्झच्या वाळूची २.६५ पट. कोरड्यात तोलले तर सोने वाळूच्या सुमारे सातपट जड. पाण्यात मात्र प्रत्येक कणाचे वजन त्याने सारलेल्या पाण्याइतके घटते. तिथे हिशेब १८.३ विरुद्ध १.६५ असा होतो आणि फरक अकरा पटींवर जातो. नदीतल्या सोन्यात थोडी चांदी मिसळलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात तो जरा कमी भरतो. तरीही स्लूसचे सगळे काम याच फरकावर चालते.

पांढऱ्या वाळूला हटवणे सोपे असते. अडचण काळ्या वाळूची. तिच्यातल्या मॅग्नेटाइटची घनता ५.२ च्या आसपास असते, म्हणजे पाण्यात सोने तिच्यापेक्षा चार-साडेचार पटच जड ठरते. ही वाळू अडथळ्यांमागे साचून घट्ट बसली की मागून येणाऱ्या सोन्याला शिरायला जागा उरत नाही. तिला सैल ठेवण्याचे काम अडथळ्यामागचा भोवरा करतो. आडपट्टीवरून उडी घेतलेले पाणी मागच्या बाजूला गोल फिरते, हलका माल उचलून पुढे ढकलते आणि जड कण तळाशी पडू देते. भोवरा फिरता राहिला तर स्लूस काम करतो, तो बुजला तर पेटी म्हणजे नुसती घसरगुंडी. पेटीची लांबी, तळाची चटई, ढाळ, चाळणी या सगळ्यांची निवड भोवरा फिरता ठेवण्यासाठीच करायची असते.

आधी नियम

सोने धुवायचे पसरट ताट, म्हणजे पॅन, चालतो म्हणून स्लूसही चालेल, असे धरून चालू नये. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांत हौशी माणसाला सोने धुण्यासाठी फक्त पॅन आणि स्वतःचे हात वापरता येतात. जिथे सोने प्रथम सापडले ते कोलोमाचे मार्शल उद्यान आणि अमेरिकन नदीच्या उत्तर व मध्य शाखांवरचे ऑबर्न मनोरंजन क्षेत्र या दोन्ही ठिकाणी हाच नियम आहे. तिथे महागडा स्लूस घेऊन गेलेल्याला तो गाडीतच ठेवावा लागतो. केंद्र सरकारच्या वनजमिनींवर आणि सार्वजनिक जमिनींवर बऱ्याच ठिकाणी हाताने चालणारा स्लूस चालतो, पण तिथे दुसरा प्रश्न असतो तो दाव्याचा. १८७२ च्या खाण कायद्यानुसार त्या जमिनींवर लोकांनी खनिजांचे दावे नोंदवलेले असतात. दुसऱ्याच्या दाव्यात त्याच्या परवानगीशिवाय फावडे मारणे ही चोरी ठरते. दाव्यांच्या नोंदी सार्वजनिक असतात आणि त्या आधी तपासता येतात. छंद्यांच्या क्लबांकडे स्वतःचे दावे असतात, त्यामुळे नवख्याला क्लबचे सभासदत्व हा सर्वांत निर्धोक मार्ग.

इंजिन लावून नदीतळ शोषून घेणाऱ्या यंत्रांवर कॅलिफोर्नियात २००९ पासून बंदी आली आणि पुढे कायदा आणखी कडक झाला. त्यामुळे पंप असलेले कोणतेही साधन घेण्यापूर्वी स्थानिक कार्यालयात विचारणे गरजेचे आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सरकारने हौशी लोकांसाठी काही नदीपट्टे राखून ठेवले आहेत. गॅब्रिएल रीडला १८६१ मध्ये जिथे सोने सापडले ती गॅब्रिएल्स गली आणि ॲरोटाऊनजवळची ॲरो नदी त्यांत येतात. तिथे वेगळा परवाना लागत नाही, मात्र साधने हाताची आणि बिनइंजिनाची हवीत. पॅन, चाळणी, फावडे आणि साधा स्लूस चालतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 'मायनर्स राइट' नावाचा परवाना लागतो. १८५४ मध्ये बॅलरॅटला युरेकाचे बंड झाले आणि त्यानंतर १८५५ मध्ये तो सुरू झाला. आज तो दहा वर्षांसाठी मिळतो. खणायला फक्त हातची अवजारे चालतात आणि काही नद्या व उद्याने पूर्णपणे वगळलेली आहेत.

कॅलिफोर्नियातले नियम इतके काटेकोर का, याचे उत्तर तिथल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरांत आहे. १८५३ पासून तिथे मोठ्या दाबाच्या पाण्याने अख्खे डोंगर फोडून ते मैलोन् मैल लांबीच्या स्लूसमधून वाहवले जात. खालच्या खोऱ्यात गाळाने नद्या उथळ झाल्या, शेते बुडाली. शेवटी १८८४ मध्ये न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडण्यास मनाई केली. आजच्या छंद्याची चार फुटी पेटी तेवढे नुकसान करू शकत नाही, पण नियम करणाऱ्यांना तो इतिहास चांगला आठवतो.

पाणी: जोर, खोली आणि अंतर

नियम कळल्यावर नदीकडे पाहावे. नदीत ठेवायच्या स्लूसला माणसाच्या साध्या चालीएवढा तरी प्रवाह लागतो. संथ डोहात तो कितीही चांगला असला तरी भरून बसतो. आडपट्ट्यांच्या माथ्यावरून निदान इंच-दोन इंच पाणी वाहायला हवे. उथळ ओढ्यात गोटे रचून दोन्ही बाजूंनी पाणी पेटीच्या तोंडाशी आणता येते, म्हणून पसरट तोंडाची पेटी तिथे उपयोगी पडते. काम संपल्यावर हा छोटा बांध मोडून टाकायचा असतो.

सोने कुठे बसले आहे हेही बघावे लागते. नदी वळते तिथे आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्यांच्या मागे, तळखडकाच्या भेगांत आणि काठच्या शेवाळ्याच्या मुळांत ते अडकते. ही जागा प्रवाहाला लागून असेल तर हातचा स्लूस पुरतो. ती पाण्यापासून लांब, जुन्या काठावर असेल तर दोन मार्ग उरतात. एक, बादल्या भरून पाण्याशी आणायच्या. पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची बादली ओल्या खडीने काठोकाठ भरली तर तीस किलोच्या पुढे जाते, हे लक्षात घेऊन कंबरेला विचारावे. दुसरा मार्ग पंपाने पाणी वर नेणे.

काही सुवर्णक्षेत्रांत पाणीच नसते. व्हिक्टोरियातल्या 'गोल्डन ट्रँगल'मध्ये १८६९ साली मोलियागुलजवळ 'वेलकम स्ट्रेंजर' हा प्रचंड गोळा जमिनीखाली काही इंचांवर सापडला. अशा कोरड्या माळरानावर लोक धातुशोधक यंत्र घेऊन फिरतात. तिथे जाणाऱ्याने स्लूस घेऊच नये.

सोने रवाळ की पिठी

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पॅन देतो. स्लूस घेण्यापूर्वी त्या पट्ट्यातल्या वेगवेगळ्या ठिकाणची माती पॅनमध्ये धुवावी आणि सापडलेले कण भिंगाखाली पाहावेत. सोने आहे की नाही, आणि असले तर केवढे, दोन्ही एकदमच कळते.

चिमटीत धरता येतील असे दाणे असतील तर जवळजवळ कोणताही स्लूस ते पकडतो, अगदी वाईट लावलेलाही. पातळ पापुद्र्यांची गोष्ट वेगळी. त्याच वजनाच्या गोल दाण्यापेक्षा चपटा पापुद्रा पाण्यात सावकाश खाली जातो, त्यामुळे जोरकस पाण्यात तो पेटी ओलांडून निघून जातो. सर्वांत अवघड पिठी सोने. आयडाहोतल्या स्नेक नदीचे सोने त्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही असेच सोने असते. त्यासाठी कमी उंचीचे अडथळे, पातळ आणि शांत पाणी, आणि बारीक चाळलेला माल लागतो. जाड खडीवर काम करणारी उंच आडपट्ट्यांची पेटी तिथे निकामी.

पेट्यांचे प्रकार

पारंपरिक नदीतला स्लूस: ॲल्युमिनियमची पन्हळ, आत 'हंगेरियन' नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाकड्या ओठाच्या उंच आडपट्ट्या, खाली जाळी आणि गालिचा. हा दणकट असतो, जाडसर माल सहज पचवतो, चुका पोटात घालतो. त्याला पाणी भरपूर लागते आणि सफाईला वेळ जातो, कारण आडपट्ट्या काढून गालिचा धुवावा लागतो.

खाचांचा स्लूस: यात उभ्या पट्ट्यांऐवजी रबरी चटईत खाली उतरलेल्या आडव्या खाचा असतात. पाणी खाचेवरून जाताना आत भोवरा तयार होतो. याला पाणी कमी लागते, बारीक सोने तो चांगले पकडतो, काळी वाळू कमी साठवतो आणि सफाई झटपट होते, कारण चटई उचलून बादलीत धुतली की काम झाले. माल मात्र बारीक चाळूनच द्यावा लागतो. मोठा गोटा खाचेपाशी थांबला की त्याच्याभोवती पाणी तळ उकरते आणि सोने बाहेर पडते.

घडीचा स्लूस: दुमडून पाठपिशवीत बसतो. दूरच्या ओढ्यापर्यंत चालत जाणाऱ्यांसाठी उत्तम. बिजागरीच्या सांध्यावर पाणी उसळते का, एवढे घेताना तपासावे.

द्रवतळाचा स्लूस: यात आडपट्ट्या नसतात. शेवटी एक कप्पा असतो आणि त्यात नळ्यांतून आलेले पाणी खालून वर उसळत राहते. वाळू तरंगत राहते, जड कण त्यातून बुडतात. चाळायचे कष्ट कमी होतात, कारण मोठे गोटे वरच्या जाळीवरून निघून जातात. त्याला खोल आणि जोरदार पाणी हवे, आणि नळ्यांची भोके पालापाचोळ्याने बुजू नयेत म्हणून लक्ष ठेवावे लागते.

हायबँकर: पायांवर उभी पेटी, वर हौद, हौदात पाण्याचे फवारे आणि गोटे अडवणाऱ्या सळ्या. पंपाने पाणी चढवायचे, फावड्याने माल हौदात टाकायचा. चिकट मातीत अडकलेले सोने सोडवण्यात हा सर्वांत सरस. पण पंप, इंधन किंवा बॅटरी, नळी आणि पेटी मिळून ओझे मोठे होते, किंमत साध्या स्लूसच्या कितीतरी पट असते, आणि नियमांची अडचण सर्वांत जास्त इथेच येते. शिवाय त्याचे गढूळ पाणी थेट नदीत सोडू नये, ते आधी खड्ड्यात निवळू द्यावे लागते.

तळाशी काय अंथरावे

पेटीइतकेच महत्त्व तळाच्या अंथरुणाला. ही कल्पना फार जुनी. कोल्खिसच्या डोंगराळ प्रदेशातले लोक भोके पाडलेल्या पन्हळी आणि लोकरीची कातडी वापरून ओढ्यांतले सोने पकडतात, असे ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने लिहून ठेवले आहे. १५५६ मध्ये छापलेल्या अग्रिकोलाच्या खाणविषयक ग्रंथात कापड अंथरलेल्या पन्हळींची चित्रे आहेत.

आज बाजारात तीन गोष्टी मिळतात. तंतूंची जाड जाळीदार चटई बारीक सोने घट्ट धरते, पण ते सोडतही नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा झटकून धुवावी लागते. तिच्यावर ठोकलेली धातूची तिरकी जाळी छोट्या आडपट्ट्यांचे काम करते. या जाळीला दिशा असते आणि ती उलटी बसवली तर भोवरेच तयार होत नाहीत. तोंडाशी आडव्या रेघांची रबरी पट्टी असावी. पहिले सोने तिच्यावर थांबते, डोळ्यांना दिसते आणि पेटी न उघडता कळते की जागा बरी आहे. पट्टी काळी किंवा गडद हिरवी घ्यावी, पिवळा कण तिच्यावर उठून दिसतो.

लांबी, रुंदी, वजन

हातच्या स्लूसची साधारण मापे तीन: दोन फूट लांबीचा छोटा, तीन फुटांचा मधला आणि सव्वाचार फुटांच्या आसपासचा मोठा. रुंदी सहा ते बारा इंच. लांबी वाढवली की सोने जास्त मिळते, हा गैरसमज आहे. ढाळ आणि पाणी बरोबर असेल तर बहुतेक सोने पहिल्या फुटातच थांबते. खालच्या टोकाशी सोने सापडू लागले तर पेटी आखूड पडते असे समजू नये, ती चुकीची लावली आहे असे समजावे. लांब पेटीचा फायदा एवढाच की ती चुकांना थोडी जास्त सवलत देते.

रुंदीने खरा फरक पडतो. रुंद पेटीत तासाला जास्त माल जातो, पण तिला पाणीही तेवढे जास्त लागते. कमी पाण्यात रुंद पेटी लावली तर पाणी पसरून पातळ होते आणि भोवरे मरतात. लहान ओढ्यावर अरुंद पेटीच बरी.

प्लॅस्टिकची पेटी हलकी, स्वस्त आणि आवाज न करणारी. ॲल्युमिनियम टिकते, पण धोंड्यावर आपटले की वाकते, आणि कडा वाकल्या तर पाणी एका बाजूला जाते. दुकानातच पेटी सपाट जमिनीवर ठेवून ती डगमगते का ते पाहावे. आडपट्ट्या आणि चटई यांत फट नको. फटीतून पाणी खालून वाहिले की सोनेही त्याच वाटेने जाते. आडपट्ट्या उघडायची कळ ओल्या, गारठलेल्या बोटांनी उघडेल अशी आहे का, हेही बघावे.

ढाळ आणि बसवणी

अंगठ्याचा नियम असा की फुटाला एक इंच ढाळ द्यावा. तीन फुटी पेटीचे तोंड शेपटीपेक्षा तीन इंच वर, सव्वाचार फुटीचे चार इंचांहून थोडे वर. कोनात मोजले तर हे सुमारे पाच अंश भरतात. खाचांच्या चटईला काही वेळा थोडा जास्त ढाळ लागतो. मोबाइलमधले कोन मोजणारे ॲप इथे कामाला येते, मात्र पेटी आडव्या दिशेने अगदी समतल आहे ना, हे आधी तपासावे. एका बाजूला कललेल्या पेटीत अर्ध्या आडपट्ट्या भरतात आणि अर्ध्या उघड्या पडतात.

माल टाकल्यावर पेटीकडे बघावे. आडपट्ट्यांमागची वाळू वर-खाली नाचताना दिसली आणि काही क्षणांत हलकी खडी निघून गेली तर बसवणी बरोबर. वाळू साचून पट्ट्या दिसेनाशा झाल्या तर ढाळ किंवा पाणी वाढवावे. मागची जागा अगदी रिकामी, धुतल्यासारखी झाली तर पाणी फार जोरात आहे, शेपूट थोडी उचलावी. शेपटीखाली वाहून आलेल्या खडीचा ढीग होतो आणि त्याने पाणी तुंबते, म्हणून तो अधूनमधून फावड्याने सारावा. पेटी हलू नये म्हणून तिच्यावर आडवा सपाट दगड ठेवण्याची रीत आहे.

चाळणी आणि हात

चाळणीला नवखे लोक कंटाळतात आणि तिथेच सोने घालवतात. मोठ्या गोट्याला हलवायला जोराचे पाणी लागते आणि तेच पाणी बारीक सोने घेऊन जाते. हंगेरियन पट्ट्यांच्या पेटीला अर्ध्या इंचाची चाळणी पुरते. खाचांच्या चटईला पाव इंचाची बरी, आणि पिठी सोन्यासाठी इंचाच्या आठव्या भागाची किंवा त्याहून बारीक. चाळणीवर उरलेले फेकण्यापूर्वी एकदा नजर फिरवावी. सोन्याचा मोठा दाणा चाळणीतून पडत नाही.

माल एकदम ओतायचा नाही. छोट्या खुरप्याने, पाण्याच्या गतीने, आधीचा घास निवळल्यावर पुढचा द्यायचा. माती चिकट असेल तर आधी बादलीत पाणी घालून ती फोडावी, कारण मातीचा गोळा पेटीतून जाताना आपल्या अंगाला चिकटलेले सोने घेऊन जातो.

पेटीची परीक्षा

नदी बदनाम करण्याआधी पेटी तपासावी. बारीक शिशाचे छर्रे हातोडीने चपटे करून, मोजून दहा घ्यावेत आणि ते एका बादली मालात मिसळून पेटीतून सोडावेत. शिशाची घनता ११.३, म्हणजे सोन्यापेक्षा ते पकडणे अवघड. दहापैकी नऊ-दहा परत मिळाले तर पेटी ठीक आहे. कमी मिळाले तर ढाळ, पाणी आणि घासाचा वेग बदलून पुन्हा बघावे. शिसे नदीत जाऊ नये म्हणून ही परीक्षा घरी टबात करावी. नदीवर साधा उपाय असा की शेपटीखालून पडलेला माल अधूनमधून पॅनमध्ये धुवून पाहावा. त्यात सोने दिसले की थांबावे आणि पेटी नीट करावी.

सफाई, पारा आणि पुढची नदी

काळी वाळू आडपट्ट्यांमागची बहुतेक जागा व्यापू लागली की सफाईची वेळ झाली. पेटी झटक्याने उचलू नये. तोंड किंचित वर ठेवून ती सरळ टबात न्यावी, चटई तिथेच धुवावी आणि उरलेला जड गाळ पॅनमध्ये घ्यावा. मॅग्नेटाइट लोहचुंबकाला चिकटतो. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवला की तो चटकन वेगळा करता येतो. बारीक सोने पाण्यावर तरंगत असेल तर टबात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरतो. शेवटचे कण चोखनळीच्या बाटलीने उचलायचे.

सिएरामध्ये अधूनमधून चांदीसारखा पांढरा, चकाकणारा सोन्याचा कण मिळतो. तो पाऱ्याने माखलेला असतो. एकोणिसाव्या शतकात बारीक सोने धरण्यासाठी स्लूसमध्ये पारा ओतत आणि त्यातला बराचसा नदीत वाहून गेला. आजही तिथल्या काही नद्यांतले मासे किती खावेत याच्या सरकारी सूचना निघतात. असा कण हातात चोळू नये, घरी तर मुळीच तापवू नये, कारण पाऱ्याची वाफ विषारी असते. तो बंद डबीत ठेवून घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावा. स्वतः पारा वापरण्याचा विचारही करू नये.

एका नदीतून दुसरीकडे जाताना चटई पूर्ण वाळवणे तितकेच गरजेचे. ओल्या तंतूंत सूक्ष्म जीव दिवसचे दिवस जगतात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचे शैवाल सापडले आणि तेव्हापासून तिथे नदीत उतरणाऱ्या प्रत्येकाला सामान तपासा, धुवा, वाळवा असे सांगितले जाते. या बाबतीत रबरी चटई गालिच्यापेक्षा उजवी ठरते, ती काही मिनिटांत पुसून कोरडी होते.

भारतात हे चालेल का?

भारतात हे काम छंदाचे कधीच नव्हते, ते पोटाचे होते. सराफ बाजारातली धूळ आणि गटारांतला गाळ धुवून सोने काढणारे झारेकरी महाराष्ट्रात आहेत. विदर्भाच्या पूर्व टोकाला आणि शेजारच्या बालाघाट भागात नदीची वाळू धुणाऱ्या सोनझाऱ्यांच्या नोंदी ब्रिटिशकाळापासून आहेत. झारखंडमध्ये सुवर्णरेखेच्या काठी आजही वाळू धुतली जाते. या सगळ्यांचे शास्त्र तेच, जड ते तळाशी. मात्र १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमानुसार परवान्याशिवाय खनिजाचा शोध किंवा उत्खनन करता येत नाही. हौशी माणसासाठी राखलेले नदीपट्टे आपल्याकडे नाहीत, म्हणून परदेशातून आणलेला स्लूस इथल्या नदीत लावू नये.

कोणी काय घ्यावे

मुलांसह वर्षातून एखाद्या वेळी कोलोमाला जाणाऱ्या कुटुंबाने स्लूस घेऊ नये. दोन पॅन पुरे.

चालत दूरच्या ओढ्यावर जाणाऱ्याने घडीचा किंवा तीन फुटी, रबरी खाचांच्या चटईचा हलका स्लूस घ्यावा. बहुतेक नवख्यांसाठी माझी शिफारस हीच. कमी पाणी, सोपी सफाई आणि बारीक सोन्यावर पकड, तिन्ही त्यात मिळतात.

जोरदार, खोल पाण्याच्या आणि जाड खडीच्या नदीवर वारंवार जाणाऱ्याने सव्वाचार फुटी हंगेरियन पट्ट्यांची किंवा द्रवतळाची पेटी बघावी.

काठावरच्या जुन्या, कोरड्या थरात काम करायचे असेल, जागा क्लबच्या दाव्यात असेल आणि पंपाची मुभा लेखी मिळाली असेल, तरच हायबँकर.

पैशाचा हिशेब स्वच्छ ठेवावा. दिवसभर राबून बहुतेकांच्या बाटलीत ग्रॅमचा अंशच पडतो. सोन्याचा भाव कितीही चढला तरी त्यातून पेट्रोलही सुटत नाही, म्हणून पेटीवरचा खर्च हौसेच्या खात्यात मांडावा. बर्फ वितळण्याच्या दिवसांत सिएराच्या नद्या जीवघेण्या असतात, तिथे उन्हाळा सरतानाचे आणि शरदातले उतरलेले पाणी गाठावे. निघण्यापूर्वी त्या पट्ट्याचे नियम आणि दाव्यांची नोंद त्याच आठवड्यात पुन्हा तपासा. परतताना खणलेले खड्डे बुजवा, रचलेले गोटे सरकवून प्रवाह मोकळा करा. राखीव पट्टे खुले राहतील की बंद होतील, हे तिथे येणारे लोक नदी कशी सोडून जातात त्यावरच ठरते.